सीट बेल्टचा रिकॉल आणि गाडीमालकांच्या चुका

डिसेंबर २०२२मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, ब्रेझा, एर्टिगा, एक्सएल६ आणि ग्रँड विटारा या मॉडेलांच्या ९,१२५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढच्या सीटचा बेल्ट खांद्याच्या उंचीनुसार वर-खाली करता यावा म्हणून दरवाजामागच्या खांबावर जी सरकती जोडणी असते, तिच्यातील एका सुट्या भागात दोष असण्याची शक्यता होती आणि क्वचित प्रसंगी त्यामुळे बेल्ट सुटा होऊ शकला असता. जानेवारी २०२३मध्ये त्याच कंपनीने आणखी दोन रिकॉल जाहीर केले. ११,१७७ ग्रँड विटारा गाड्यांमध्ये मागच्या सीटचा बेल्ट जिथे जोडलेला असतो ते ब्रॅकेट कालांतराने सैल होण्याची शक्यता होती, तर १७,३६२ गाड्यांमध्ये एअरबॅगचा कंट्रोलर सदोष असण्याची शंका होती आणि त्यामुळे अपघाताच्या वेळी एअरबॅग व बेल्टचे प्रीटेन्शनर (पट्टा क्षणात आवळणारी यंत्रणा) चालले नसते. या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान होती: गाडी रोज चालवणाऱ्या माणसाला यांतले काहीही जाणवले नसते.

ब्रेक कमी लागत असेल तर पायाला कळते, क्लच गेला तर गाडीच सांगते. बेल्टचे खरे काम मात्र गाडीच्या आयुष्यात बहुधा एकदाही पडत नाही, आणि पडलेच तर ते सेकंदाच्या एखाद्या दशांशात उरकते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक चुका बेल्टला इतर भागांसारखेच समजण्यातून होतात.

“माझा बेल्ट तर व्यवस्थित लागतो”

रिकॉलची नोटीस बाजूला ठेवताना हेच कारण सर्वांत जास्त वेळा दिले जाते. बक्कल लागताना टक असा आवाज येतो, झटका दिला की पट्टा अडतो, म्हणजे बेल्ट ठीक आहे, असा समज असतो. पण त्या झटक्याने फक्त पट्टा गुंडाळणाऱ्या रिट्रॅक्टरचे कुलूप तपासले जाते. धडक होताच छोट्या स्फोटक भरणीच्या जोरावर पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर, त्यानंतर छातीवरचा दाब मर्यादेत ठेवण्यासाठी पट्टा थोडा सैल सोडणारी यंत्रणा, गाडीच्या सांगाड्याला बेल्ट धरून ठेवणारे बोल्ट आणि ब्रॅकेट यांपैकी कशाचीही परीक्षा हाताने होत नाही.

टोयोटाने २०१६मध्ये जगभरातून सुमारे २८ लाख ७० हजार आरएव्ही४ आणि व्हॅनगार्ड गाड्या परत बोलावल्या, तेव्हा त्यांच्या बेल्टमध्ये खरे तर दोष नव्हताच. जोराच्या समोरासमोर धडकेत मागच्या सीटच्या बैठकीची धातूची चौकट पट्ट्याला घासून तो कापला जाण्याची शक्यता होती, आणि उपाय म्हणून त्या चौकटीवर रेझिनचे आवरण बसवण्यात आले. २०१८मध्ये फिनलंडच्या ‘टेक्नीकान माइल्मा’ या नियतकालिकाने नव्या फोक्सवॅगन पोलोची चाचणी घेताना वेगळाच प्रकार पाहिला. मागे तिघे बसलेले असताना आणि वेगात लेन बदलताना डाव्या सीटच्या बेल्टचे बक्कल आपोआप उघडत होते. सिआट कंपनीच्या इबिझा आणि अरोना या गाड्यांचीही तीच गत होती. (ही पोलो भारतात कधी विकली गेली नाही, आपल्याकडची पोलो शेवटपर्यंत आधीच्या पिढीची होती.) गाडीत एकटे बसून कितीही वेळा बेल्ट लावून पाहिला असता, तरी हा दोष सापडला नसता.

डोळ्यांना दिसणारा दोषही कधीतरी असतो, हे खरे. १९९५मध्ये अमेरिकेत टकाटा कंपनीचे बेल्ट असलेल्या ऐंशी लाखांहून अधिक गाड्या रिकॉलमध्ये सापडल्या, कारण बक्कलच्या लाल बटणाचे प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे आतल्या यंत्रणेत पडत आणि बक्कल नीट लागेनासे होई. हीच टकाटा पुढे एअरबॅगच्या प्रकरणात जगभर गाजली. अशी तडकलेली बटणे जुन्या गाडीत आजही दिसू शकतात आणि ती दिसली तर रिकॉलची वाट न पाहता बक्कल बदलून घ्यावे.

मॉडेलचे नाव आणि नोंदणीचे वर्ष पाहून निष्कर्ष काढणे

रिकॉल मॉडेलचा नसतो, ठरावीक काळात तयार झालेल्या ठरावीक गाड्यांचा असतो. वर उल्लेख केलेल्या एअरबॅग कंट्रोलरच्या रिकॉलमधील गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या जेमतेम पाच आठवड्यांतल्या होत्या. त्यांतली एखादी गाडी शोरूममध्ये थांबून फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये, कदाचित गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, रस्त्यावर आली असेल, तर आरसीवरची नोंदणीची तारीख पाहणारा मालक “आपली गाडी नंतरची आहे” म्हणून निश्चिंत राहील. उलट त्याच मॉडेलच्या आधीच्या गाडीचा मालक उगाच धास्तावेल.

खात्री होते ती फक्त चासी क्रमांकाने. हा सतरा अक्षरांचा आणि अंकांचा क्रमांक आरसीवर आणि विम्याच्या कागदावर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की आपली गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही हे कळते. इथेही दोन चुका वारंवार होतात. घाईत इंजिन क्रमांक टाकला जातो, किंवा शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ आणि एकाच्या जागी ‘आय’ टाइप होतो. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुळात वापरतच नाहीत, त्यामुळे तसे काही दिसले तर तो अंक आहे असे समजावे.

“असेल तर कंपनीचा फोन येईलच”

फोन येतो, पण ज्याच्या नावावर गाडी पहिल्यांदा विकली गेली त्याच्या क्रमांकावर. सेकंड हँड गाडी घेतल्यानंतर आरटीओमध्ये नाव बदलते, विम्यातही बदलते; कंपनीच्या नोंदीत मात्र जुना मालक आणि त्याचा मोबाइल तसाच राहतो. गाडी नेहमी बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला जात असेल, तर ही नोंद दुरुस्त होण्याचा योगही येत नाही. म्हणून वापरलेली गाडी घेताना सौदा ठरण्याआधीच चासी क्रमांक टाकून रिकॉल बाकी आहे का हे पाहावे, आणि घेतल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आपले नाव व मोबाइल क्रमांक नोंदवून घ्यावा. नव्या गाडीच्या मालकानेही वर्षातून दोनदा हे तपासावे.

आपल्याकडे रिकॉलची व्यवस्था तशी अलीकडची आहे. वाहननिर्मात्यांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२मध्ये स्वेच्छेने पाळायची संहिता केली. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू आहेत, आणि आदेशाने कराव्या लागणाऱ्या रिकॉलसाठी कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यातला सामान्य माणसाच्या उपयोगाचा भाग असा की दोषाची तक्रार सरकारच्या ‘वाहन’ या पोर्टलवर नोंदवता येते, आणि सारख्या दोषाच्या तक्रारी पुरेशा संख्येने जमल्या की चौकशी सुरू होते. गाडीमालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शंभर जणांनी “माझेही तसेच झाले” असे लिहिले, तरी सरकारदरबारी तक्रारींची संख्या शून्यच राहते.

नोटीस आली म्हणून बेल्टच न लावणे

ही सर्वांत घातक चूक आहे. फोर्डने सप्टेंबर २०१८मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सुमारे वीस लाख एफ-१५० पिकअप परत बोलावल्या, कारण प्रीटेन्शनर उडताना निघणाऱ्या ठिणग्यांनी खांबातल्या आवरणाला आग लागू शकत होती. ह्युंदाईने २०२२मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २,३९,००० अ‍ॅक्सेंट व एलांट्रा बोलावल्या, कारण तिथे प्रीटेन्शनर फुटून धातूचे तुकडे उडू शकत होते. अशा बातम्या वाचून पट्टा अंगावर घेण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. तरीही दोन्ही वेळा धोका फक्त धडकेच्या क्षणापुरता होता, आणि त्याच क्षणी बेल्ट नसणे हा त्याहून कितीतरी मोठा धोका असतो. एअरबॅगची रचनाही बेल्ट लावलेला माणूस गृहीत धरूनच केलेली असते.

मागच्या बेल्टच्या रिकॉलला तर आपल्याकडे कोणी फारसे मनावरच घेत नाही, कारण “मागे कोण बेल्ट लावतो?” ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. त्यानंतर दोन महिन्यांत मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सर्वांसाठी बेल्टची सक्ती सुरू केली. मागचे ब्रॅकेट सैल असण्याची सूचना आली असेल, तर ते बदलेपर्यंत ज्या सीटच्या बेल्टबद्दल शंका आहे तिथे कोणाला बसवू नये. तेवढे पुरते.

सूचनेचे शब्द मात्र नीट वाचावेत. बहुतेक रिकॉलमध्ये सवडीची वेळ ठरवून गाडी आणा एवढेच म्हटलेले असते. जानेवारी २०२३च्या एअरबॅग कंट्रोलरच्या सूचनेत मात्र भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असे स्पष्ट सांगितले होते. अशा वेळी “एवढी लग्नसराई होऊन जाऊ द्या” हे धोरण चालणार नाही.

दोष आणि सवय यांतला फरक न ओळखणे

उताराच्या रस्त्यावर गाडी लावली असता बेल्ट ओढूनही येत नाही, हा दोष नव्हे. रिट्रॅक्टरमध्ये गाडीचा कल ओळखणारी यंत्रणा असते. गाडी सपाट जागी घेतली की पट्टा सुटतो. काही गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो कटकट असा आवाज करत फक्त आत जातो, बाहेर येत नाही. लहान मुलांची सीट घट्ट बांधण्यासाठी केलेली ती सोय आहे. पट्टा एकदा पूर्ण आत जाऊ दिला की तो पूर्ववत होतो. पट्टा आळसावल्यासारखा हळू आत जात असेल, तर बहुतेक वेळा खांद्याजवळच्या कडीत घाम, धूळ आणि तेल यांचा थर साचलेला असतो. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसून, पट्टा बाहेर ओढलेला ठेवूनच तो सावलीत वाळवावा. ब्लीच वापरू नये, बक्कलमध्ये तेल सोडू नये. बक्कल लागत नसेल तर आधी आत नाणे किंवा बिस्किटाचा चुरा नाही ना, हे टॉर्चने पाहावे.

याउलट पट्ट्याची कड उसवलेली असणे, बक्कल लागल्यावरही ओढले की सुटणे, किंवा गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांत विझायला हवा असलेला एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहणे, ही दुर्लक्ष करण्यासारखी लक्षणे नाहीत. प्रीटेन्शनरही त्याच दिव्याच्या देखरेखीखाली असतो, त्यामुळे दिवा पेटला तर बिघाड एअरबॅगचाच असेल असे नाही. सीटखालची सफाई करताना तिथला कनेक्टर हलल्यानेही तो पेटतो. पण तो स्वतः काढून लावू नये. सीट कव्हरवाल्याकडे उसवलेला पट्टा शिवून घेणे, भंगारातल्या गाडीचा बेल्ट बसवणे, किंवा धडकेत एकदा आवळला गेलेला बेल्ट तसाच वापरणे हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. त्यांत काही शे रुपये वाचतात आणि बेल्टचे काम मात्र संपलेले असते.

गजर बंद करणारी खोटी क्लिप हा याच जातीचा उद्योग. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढल्यानंतर अशा क्लिपची १३,११८ उत्पादने विक्रीतून हटवली गेली. क्लिप बसवलेल्या गाडीत बक्कलचा सेन्सर खरेच बिघडला तरी कळण्याचा मार्ग उरत नाही, हा तोटा सहसा कोणी लक्षात घेत नाही.

वर्कशॉपमधून नुसतेच बाहेर पडणे

रिकॉलचे काम फुकट असते. वॉरंटी संपली असली, सर्व्हिसिंग बाहेर केले असले, गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असली, तरीही. म्हणून ते नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात मिसळू देऊ नये आणि जॉब कार्डावर स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावे: कोणता रिकॉल, कोणता भाग, तपासला की बदलला. ‘चेक केले, ओके’ एवढ्यावर समाधान मानू नये. मारुतीच्या डिसेंबर २०२२च्या रिकॉलप्रमाणे काही वेळा आधी तपासणी होते आणि भाग सदोष निघाला तरच बदलतात, त्यामुळे आपल्या गाडीत नेमके काय झाले हे कागदावर असणे गरजेचे आहे. भाग उपलब्ध नसेल तर पुढची तारीख त्याच कागदावर घ्यावी. काही दिवसांनी चासी क्रमांक पुन्हा टाकून नोंद बंद झाली का पाहावे, आणि गाडी विकताना हे जॉब कार्ड सर्व्हिस बुकबरोबर नव्या मालकाला द्यावे.

अमेरिकेत राहणाऱ्या मुला-नातवंडांनी तिकडून आणलेल्या लहान मुलांच्या सीटबद्दल एक सांगायला हवे. तिथे १९९३पासून प्रत्येक नव्या सीटबरोबर नोंदणीचे कार्ड देणे बंधनकारक आहे आणि रिकॉल झाला तर सूचना त्या कार्डावरच्या पत्त्यावर जाते. सीट पुण्यात किंवा नाशिकमध्ये आणि कार्ड न्यू जर्सीतल्या खणात कोरेच पडलेले, अशी स्थिती असेल तर सीटच्या मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक व उत्पादनाची तारीख यांचा फोटो काढून ठेवावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर सध्याचा ईमेल नोंदवावा.