जँगो, गुनिकॉर्न, एनजिनएक्स: 502 बॅड गेटवे आणि 'परमिशन डिनाइड'

उबुंटू 22.04. गुनिकॉर्न (जँगो अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) सुरू, सिस्टमडीत (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) हिरवा ठिपका, तरी ब्राउझरमध्ये 502. एनजिनएक्सच्या (ब्राउझरची विनंती गुनिकॉर्नकडे पाठवणारा वेब सर्व्हर) एरर लॉगमध्ये सॉकेटच्या (या दोघांना जोडणारी फाइल) नावापुढे '13: परमिशन डिनाइड'.

रीस्टार्ट केलं, टाइमआउट वाढवला, सॉकेट फाइलला 777 (सगळ्यांना पूर्ण परवानगी) दिलं. ढिम्म! डोकं पार उठलं.

मग 'नेमआय -एल' कमांडला सॉकेटचा पूर्ण पाथ दिला. ही कमांड वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी दाखवते. सॉकेट होतं होम फोल्डरात. उबुंटू 21.04 पासून नव्या युजरचं होम 755 ऐवजी 750 ने (म्हणजे इतर युजरना आत जाता येत नाही) तयार होतं, त्यामुळे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरने चालणारं एनजिनएक्स दारातच अडतं. आतल्या फाइलला 777 देऊन काय होणार? जुन्या गाइडमधला होममधला सॉकेट जुन्या सर्व्हरवर चालायचा, तो यामुळेच.

होम सगळ्यांना उघडं करण्यापेक्षा सॉकेट हलवणं बरं.

आधी गुनिकॉर्नच्या सर्व्हिस फाइलमध्ये, सर्व्हिस विभागात, 'रनटाइमडिरेक्टरी' ही ओळ घालून अ‍ॅपचं नाव द्या. सर्व्हिस सुरू होताना सिस्टमडी रूटवरच्या 'रन' फोल्डरात त्या नावाचं फोल्डर स्वतः बनवतं. बूटनंतर 'रन' रिकामं होतं, म्हणून हाताने बनवलेलं टिकत नाही. त्याच फाइलमध्ये 'बाइंड'चा (गुनिकॉर्न कुठे ऐकतो त्याचा) पाथ या फोल्डरातल्या सॉकेटचा करा. एनजिनएक्सच्या 'प्रॉक्सी पास'मध्येही (विनंती कुठे पाठवायची ती ओळ) अक्षरशः तोच पाथ, 'एचटीटीपी'नंतर 'युनिक्स' लावून. मग 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड', गुनिकॉर्न रीस्टार्ट, 'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिग तपासणारी कमांड), आणि ते ओके म्हणालं की एनजिनएक्स रीलोड.

502 गेलं. स्टॅटिक फाइली होममध्येच असतील तर त्यांना मात्र 403 (परवानगी नाही) येईल; त्या 'व्हार'खालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये न्या.