मोजक्या वस्तू, पण उत्तम

हौसेने घेतलेली उंची वस्तू बहुतेक वेळा कपाटात जाते आणि रोजच्या वापरात साधीच राहते. म्हणजे एका कामाला दोन वस्तू झाल्या, आणि चांगलीचा आनंद मिळाला नाही तो नाहीच. त्यापेक्षा एका कामाला एकच, पण मनापासून आवडणारी वस्तू ठेवा आणि ती रोज वापरा. आवडता कप पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. फुटला तर फुटला.

पेनाचंच घ्या. ड्रॉवरमधली बॉलपेनं देऊन टाका आणि एक चांगलं शाईचं पेन ठेवा. रोज लिहिलं तर त्यात शाई सहसा वाळत नाही. पडून राहिलं की निबेपर्यंतची वाट बुजते. तसं झालंच तर निबेचा भाग साध्या पाण्यात भिजवा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. उकळतं पाणी मात्र नको, प्लास्टिकचे भाग वाकतात.

कातडी बुटांना हा नियम लागू नाही. घामाचा ओलावा सुकायला त्यांना एक दिवस विश्रांती लागते, म्हणून तिथे दोन जोड हवेतच.

चित्रं, शिल्पं, दुर्मीळ पुस्तकं तर विकत घ्यायचीही गरज नाही. त्यांची राखण संग्रहालयं आणि ग्रंथालयं आपल्यापेक्षा बरी करतात. फक्त सगळी दालनं पालथी घालू नका. एकच चित्र निवडा, आधी दुरून बघा, मग ब्रशचे फटकारे दिसतील इतकं जवळ जा. आणि फोन खिशातच राहू द्या.