बॉक्स्टर ९८६ चे इंजिन तापते तेव्हा दोष कुठे शोधावा

पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे १९९६ ते २००४ या काळात तयार झालेल्या ९८६ मध्ये, इंजिन आसनांच्या मागे असते आणि मुख्य रेडिएटर मात्र पुढच्या बंपरच्या आत डाव्या-उजव्या टोकांना असतात. कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, गाडीखालच्या लांब नळ्यांतून ये-जा करावी लागते, म्हणून सुटे भाग बदलू लागण्यापूर्वी गाडी नेमकी कधी तापते हे टिपून ठेवावे. गर्दीत उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो, तर दोष बहुधा पंख्यांचा असतो. महामार्गावर किंवा घाट चढताना तापत असेल, तर कूलंटचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटर तुंबलेले आहेत असे समजावे. डॅशबोर्डवरचा काटा ढोबळच असतो, त्यामुळे ओबीडी रीडरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणाऱ्या उपकरणावर, अंशांतले तापमान पाहावे.

इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट १०० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी उकळत नाही आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.

पंख्यांची तपासणी सोपी आहे. इंजिन चालू करून एसी लावला की दोन्ही बाजूंचे पंखे संथ गतीने फिरायला हवेत. एखादा स्थिर राहिला, तर त्याचा रेझिस्टर (संथ गतीसाठी वीजप्रवाह कमी करणारा भाग) जळाला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी पंख्याची जलद गती शाबूत राहते, म्हणून हा दोष बरेच दिवस लक्षात येत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कचऱ्याकडे. एसीचा कंडेन्सर (एसीतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो आणि वाळकी पाने, धूळ, किडे त्या दोहोंमधल्या फटीत साचतात. बाहेरच्या जाळीतून नुसते पाहून किंवा पाण्याचा फवारा मारून ही फट साफ होत नाही. बंपर उतरवून, कंडेन्सर अलगद बाजूला करून कमी दाबाच्या पाण्याने ती धुवावी लागते. माझ्या मते महागड्या दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी एवढे काम झालेच पाहिजे.

इंजिन तापलेले असून पुढचे रेडिएटर थंडच असतील, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकला आहे किंवा वॉटर पंप कूलंट ढकलत नाही. मूळ पंपाच्या आतले चक्र प्लास्टिकचे असते आणि त्याची पाती तुटतात, म्हणून पंप काढल्यावर पाती मोजावीत व तुटलेले तुकडे नळ्यांतून शोधून काढावेत.

कूलंट कमी होत असेल, तर मागच्या डिकीतला गालिचा ओला आहे का ते पाहावे, कारण टाकीला तडा जाणे हा या गाडीचा परिचित दोष आहे. थंड इंजिनावर सुमारे १ बार दाब देऊन तो टिकतो का हेही तपासावे. टाकीत दुधाळ तपकिरी साय दिसली, तर तेल आणि कूलंट मिसळले आहे. अशी गाडी चालवू नये. यात सिलिंडर हेडला (इंजिनाच्या सिलिंडरांवरच्या झाकणाला) तडा गेल्याची भीती खरी असली, तरी आधी इंजिनावरचा ऑइल कूलर (कूलंटने तेल थंड करणारा भाग) तपासावा, कारण तो गळत असला तरी हेच लक्षण दिसते.

कूलंट पुन्हा भरताना टाकीवरच्या व्हॉल्व्हची तारेची कडी उचलून हवा निघू द्यावी. शक्य असल्यास गॅरेजमध्ये निर्वात पद्धतीने, म्हणजे आधी आतली हवा शोषून काढून, भरून घ्यावे. नंतर गाडी चालवून, ती पूर्ण थंड झाल्यावर पातळी पाहावी आणि लागेल तेवढी भर घालावी.