उष्णतेच्या लाटेत गडगडाटी वादळांचा माग कसा काढावा

उष्णतेची लाट आली की सगळ्यांचं लक्ष तापमानाच्या आकड्यावर खिळतं. वादळांवर नजर ठेवणाऱ्याने मात्र तो आकडा वहीत टिपावा आणि लगेच पुढच्या कामाला लागावं, कारण नुसत्या उकाड्याने वादळ होत नाही. वाळवंटात पारा ४५ अंशांवर जातो आणि तरी आभाळ आठवडेच्या आठवडे कोरडं राहतं. वादळाला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगतच्या हवेत पुरेशी ओल, एकदा वर निघाली की चढतच जाईल अशी अस्थिर हवा, आणि तिला वर ढकलणारं काहीतरी निमित्त.

लाटेच्या दिवसांत या तिन्हींच्या आड एक अडथळा येतो. उच्च दाबाच्या पट्ट्यात वरची हवा सावकाश खाली उतरते, उतरताना दाबली जाते आणि तापते. त्यामुळे जमिनीपासून साधारण दीड-दोन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा थर तयार होतो. खालून निघालेली दमट हवा तिथवर पोचते आणि अडते, जणू पातेल्यावर झाकण ठेवलंय. म्हणूनच लाटेतले बरेचसे दिवस काहीही न घडता जातात. पण ज्या दिवशी हे झाकण निसटतं, त्या दिवशी खाली कोंडलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. लाट संपता संपता येणारी वादळं इतकी जोरकस असतात ती यामुळेच. तुमचं काम एवढंच: झाकण कुठे आणि कधी निसटेल, त्याचा अंदाज बांधायचा.

आधी हाताशी काय हवं

महागडी उपकरणं लागत नाहीत. एक तापमापक, एक आर्द्रतामापक, पर्जन्यमापक, होकायंत्र, बिनचूक लावलेलं घड्याळ आणि वही पुरते. पण तापमापक कुठे ठेवलाय याला फार महत्त्व आहे. तो सावलीत, हवा खेळेल अशा जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा; तापलेल्या भिंतीपासून आणि काँक्रीटपासून लांब. हवामान केंद्रांवर दिसणारी झडपांची पांढरी पेटी, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीन, नेमकं हेच साधते. फोनवर दिसणारं तापमान तुमच्या अंगणातलं नसतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या पडद्यावरचा आकडा तर नोंदूच नये.

सकाळी: दवबिंदू बघा

या सगळ्या लेखातून एकच सवय उचलायची असेल तर ही उचला. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातली वाफ पाण्यात बदलू लागते ते तापमान. हवेत खरोखर किती ओल आहे हे तो सरळ सांगतो. सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी इथे फसवते. सकाळी २५ अंशांना ७४ टक्के आर्द्रता असेल आणि दुपारी ४० अंशांना ३२ टक्के, तर हवा निम्म्याहून कोरडी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वेळा दवबिंदू २० अंशांच्या आसपासच आहे. ओल तेवढीच, फक्त तापमान वाढलं. बहुतेक हवामान केंद्रं दवबिंदू वेगळा देतात. नसेल तर तापमान आणि आर्द्रता घालून तो काढून देणारे गणक सहज मिळतात.

ढोबळ मानाने, सखल भागात दवबिंदू १० अंशांखाली असेल तर फारशी आशा धरू नका. १५ च्या वर गेला की दिवसभर लक्ष ठेवा. २० च्या वर असेल आणि वादळ झालंच, तर ते भरपूर पाऊस ओतू शकतं. उंचावरच्या प्रदेशात हे आकडे खाली सरकतात.

पण एका नोंदीवर थांबू नका. दर तासाला दवबिंदू लिहीत जा, कारण खरी गोष्ट त्याच्या चढउतारात असते. दुपारी उन्हाने हवा ढवळली जाते, वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि दवबिंदू घसरू लागतो. १९ वरून १३ वर आला, तर तुमच्या जागेपुरती त्या दिवसाची शक्यता बरीच ओसरली. उलट भर उन्हातही तो टिकून राहिला किंवा वाढला, तर कुठूनतरी ओल येतेय आणि ती साठतेय. असा दिवस सोडू नये.

याच दोन आकड्यांतून ढगाच्या तळाची उंचीही निघते. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ ने गुणा; उत्तर मीटरमध्ये मिळेल. ४० आणि २० असेल तर तळ साधारण २,५०० मीटरवर. तळ इतका उंच असला की पावसाच्या सरी जमिनीवर पोचण्याआधीच हवेत विरतात. ढगाखाली लोंबणाऱ्या, मधेच तुटलेल्या राखाडी पट्ट्या दिसतात त्या याच. त्यांना निरुपद्रवी समजू नका. सरींचं बाष्पीभवन होताना हवा झपाट्याने थंड आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे सुटते. पावसाचा थेंब न पडता झाडं मोडू शकतात, आणि अशा ढगाची वीज कोरड्या गवताला आग लावू शकते.

सकाळच्या आभाळातही एक खूण असते. मधल्या उंचीवर एका रेषेत मांडलेले छोटे ढग आणि त्यांच्या डोक्यावर निघालेले बुरूज दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे. या ढगांना अल्टोक्युम्युलस कॅस्टेलॅनस म्हणतात. ते दिसले की वेळ टिपा आणि फोटो काढा.

झाकण किती घट्ट आहे ते तपासा

जगभरातल्या ठरावीक केंद्रांवरून रोज वरच्या हवेचं तापमान आणि ओल मोजणारे हवामान फुगे सोडले जातात, बहुतेक ठिकाणी जागतिक प्रमाणवेळेनुसार ० आणि १२ वाजताच्या नोंदींसाठी. त्यांच्या आलेखांसोबत दोन आकडे मिळतात. केप म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा, आणि सिन म्हणजे तिला अडवणारा विरोध. केप दर किलो हवेमागे १,००० जूलच्या आत असेल तर बेताची, २,५०० च्या वर असेल तर भरपूर. नवखे लोक केपचा मोठा आकडा बघून हुरळून जातात. सिन उणे १०० किंवा त्याच्याही खाली (उणे १५०, उणे २००) असेल तर ती ऊर्जा बहुधा तशीच पडून राहते. दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत.

मग नकाशा घ्या आणि ढकलणारं निमित्त कुठे आहे ते शोधा. डोंगरांचे तापलेले उतार, समुद्रावरून आत सरकणाऱ्या वाऱ्याची आघाडी, कमी दाबाचा पट्टा, आदल्या रात्रीच्या वादळाने मागे सोडलेली गार हवेची सीमा. यातलं काहीही तुमच्या आसपास असेल तर तिथे खूण करा.

आता वहीत अंदाज लिहा: आज वादळ होईल का, कोणत्या दिशेला, साधारण किती वाजता, आणि का. हे दुपारच्या आधी लिहून झालं पाहिजे. नंतर लिहिलेला अंदाज काही शिकवत नाही.

दुपारी: ढगाची कड वाचा

एखाद्या ढगावर नजर रोवून बसा. सुरुवातीला क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या गोळ्यांसारखे ढग, रुंदीला जास्त, उंचीला कमी असतात. डोकी वर काढतात आणि सपाट होऊन विरतात. झाकण शाबूत असल्याची ही खूण. मग एखादा ढग उंचीला रुंदीपेक्षा जास्त होतो. त्याची कड बघा. ती निळ्या आभाळावर कोरल्यासारखी धारदार असेल आणि गोळे आतून बाहेर उलगडताना डोळ्यांना दिसत असतील, तर हवा जोरात चढतेय. पाच-पाच मिनिटांनी त्याच जागेवरून फोटो घ्या, चौकटीत एखादं झाड किंवा इमारत येऊ द्या. वाढीचा वेग त्यावरून कळतो.

पुढची पायरी चुकवू नका. धारदार कड वरच्या टोकाला मऊ, धूसर, पिंजल्यासारखी होऊ लागते. थेंबांचा बर्फ होऊ लागला याची ही खूण. ढग आता क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी ढग, झाला आणि विजेला कधीही सुरुवात होऊ शकते. मग माथा वरच्या स्थिर हवेला टेकून आडवा पसरतो आणि ऐरणीचा आकार घेतो. ऐरण ज्या बाजूला लांबते तिकडे वरचे वारे वाहतायत. ऐरणीच्या मधोमध एखादा उंचवटा वर डोकावत असेल आणि तो टिकून राहत असेल, तर चढणारी हवा फार जोरकस आहे.

एकट्या ढगाचं आयुष्य छोटं असतं. अमेरिकेत १९४६-४७ मध्ये फ्लोरिडा आणि ओहायोत झालेल्या थंडरस्टॉर्म प्रोजेक्टमध्ये होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांनी वादळाच्या तीन अवस्था मांडल्या: वाढीची, भरातली आणि विरण्याची. वादळातला एकेक ढग साधारण तासाभरात या तिन्हींतून जातो. म्हणून तुम्ही पाहत असलेला ढग तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. त्याच्या शेजारी उगवलेला नवा ढग येईल.

दिशा ओळखायला होकायंत्र वापरा. वादळाच्या तळाची दिशा दर दहा मिनिटांनी मोजा. ती सरकत असेल तर वादळ बाजूने निघून जातंय. दिशा तीच आणि आकार मोठा होत असेल, तर ते थेट तुमच्याकडे येतंय.

पडद्यावर काय बघायचं

आधी उपग्रहाची चित्रं, मग विजांचा नकाशा, शेवटी रडार, हा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटतो. जपानच्या हिमावारीसारखे उपग्रह दर दहा मिनिटांनी चित्र देतात; रडारवर पाऊस दिसण्याआधीच तिथे ढग फुगताना कळतो. विजांसाठी ब्लिट्झॉर्टुंगसारखं हौशी लोकांच्या उपकरणांवर उभं राहिलेलं जाळं आहे. विजेची रेडिओ लहर वेगवेगळ्या ठिकाणी किती आगेमागे पोचली, यावरून ते विजेची जागा काढतं. चित्रांवरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, ती आपल्या वेळेत बदलून मगच नोंदवा.

पावसावर आपटून रडारकडे परतणाऱ्या लहरींचा जोर डीबीझेडमध्ये मोजतात: ४० डीबीझेडच्या आसपास जोराचा पाऊस, ५५ च्या पुढे गारांची शंका. मात्र रडारची किरणं सरळ जातात आणि पृथ्वी वळते. अर्ध्या अंशाचा कोन असला तरी १०० किलोमीटरवर किरण जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. तिथे दिसणारा पाऊस खाली पोचतोय की वाटेत विरतोय, हे रडारला दिसत नाही. तुमच्या डोळ्यांना दिसतं, आणि तुमच्या नोंदीची खरी किंमत तिथेच आहे.

गडगडाट ऐकू आला की

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढ्यावर वीज आली की बाहेर थांबणं धोक्याचं. खरं तर गडगडाट ऐकू आला तेव्हाच तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात. ऐरणीतून निघालेली वीज मुख्य ढगापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, डोक्यावर पाऊस नसतानाही पडू शकते. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत चमकलेली एक वीज ८२९ किलोमीटर पसरलेली होती. जागतिक हवामान संघटनेने तो विक्रम मान्य केला आहे. पक्क्या इमारतीत किंवा धातूचं छत असलेल्या बंद गाडीत जा. झाड, तंबू, उघडा मांडव हे आसरे नव्हेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. कुठलाही फोटो यापेक्षा मोठा नाही.

आणि वादळ येईपर्यंतचे तास उन्हाचे असतात. पाणी सोबत ठेवा, सावलीतून निरीक्षण करा, एकट्याने माळावर जाऊ नका. चक्कर, मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर निरीक्षण तिथेच थांबवून मदत मागा.

आतून बघतानाही टिपण्यासारखं खूप असतं. वारा पडतो किंवा वादळाच्या दिशेने वाहू लागतो. मग समोरून गार झोत येतो, धूळ उठते, तापमान काही मिनिटांत दहा अंशांनी उतरू शकतं आणि हवेचा दाब अचानक चढतो. झोत आल्याची वेळ मिनिटासकट लिहा. आसपासच्या निरीक्षकांच्या वेळा जुळवल्या की झोताचा वेग काढता येतो.

नोंद कशी असावी

वेळ, ठिकाण, काय पाहिलं आणि ते मोजलं की अंदाजाने सांगितलं, या चार गोष्टी हव्यातच. गारा वादळ ओसरल्यावरच उचला, सर्वांत मोठी गार पट्टीवर ठेवून मिलिमीटरमध्ये मोजा आणि पट्टीसह फोटो काढा. पाऊस मोजताना शेजारी ‘खूप’ म्हणाला म्हणून वाढवू नका. २८ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात पूर आला, तेव्हा शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस आणि काही किलोमीटरवर त्याच्या अंशानेच, असं चित्र होतं. त्यातूनच पुढच्या वर्षी कोकोराझ हे पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं. तिथे ‘आज पाऊस शून्य’ ही नोंदही पाठवायला सांगतात. ब्रिटनमधली टोर्रो ही वादळांचा अभ्यास करणारी संस्था १९७४ पासून हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते.

रात्री तापमापकाकडे एकदा बघायला विसरू नका. विरत चाललेल्या वादळातून खाली आलेली कोरडी हवा कधीकधी उतरताना इतकी तापते की मध्यरात्री पारा अचानक चढतो, दवबिंदू कोसळतो आणि सोसाट्याचा वारा सुटतो. ही घटना विरळ आणि अल्पजीवी असते, त्यामुळे ती सापडते ती बहुधा दर काही मिनिटांनी आपोआप नोंद करणाऱ्या उपकरणात.

झोपण्यापूर्वी सकाळी लिहिलेला अंदाज उघडा आणि त्याखाली लिहा काय झालं. वादळ झालं नसेल तर कारणही लिहा: दवबिंदू घसरला, झाकण टिकलं, की ढग डोंगरावरच अडकून राहिले. एका उन्हाळ्याच्या अशा नोंदी जमल्या की तुमच्या जागी दवबिंदू किती अंशांवर गेल्यावर वादळं होऊ लागतात, तो आकडा वहीतूनच काढता येतो.