साउथ डकोटातली फेझंटची शिकार: बंदूक, चोक आणि काडतूस कसं निवडावं

छर्रे लागूनही हाती न आलेला पक्षी हे फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीतलं सगळ्यात मोठं अपयश. जायबंदी नर खाली पडल्या पडल्या गवतात शिरतो, पळत सुटतो आणि दूर कुठेतरी मरतो. याची कारणं बहुतेक वेळा घरातच ठरलेली असतात: अंतराला न जुळणारा चोक (नळीच्या तोंडाजवळचा आवळ), फार बारीक छर्रे, अंगाला न बसणारी बंदूक. त्यामुळे सामान घेताना आधी एक प्रश्न विचारावा. पक्षी आपल्यापासून किती यार्डांवर उठणार? बाकीची उत्तरं त्यावरून मिळतात.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानकोंबडा किंवा मोर यांची शिकार गुन्हा आहे. हे दोन्ही पक्षी फेझंटच्याच कुळातले. इथली सगळी माहिती अमेरिकेतल्या, त्यातही साउथ डकोटातल्या शिकारीसाठी आहे. गळ्यात पांढरी कडी असलेला हा फेझंट तिथलाही मूळचा नाही. शांघायमधले अमेरिकेचे महावाणिज्यदूत (कॉन्सल जनरल) ओवेन डेनी यांनी पाठवलेले चिनी फेझंट १८८१ मध्ये ऑरेगनमध्ये सोडले गेले. पुढे साउथ डकोटातल्या स्पिंक काउंटीत ते रुजले, १९१९ मध्ये तिथे पहिला हंगाम झाला आणि १९४३ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. शिकार फक्त नराची करता येते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कमी झाले तरी पुढच्या विणीवर फारसा परिणाम होत नाही. मादी मारणं बेकायदा आहे.

हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ जानेवारीपर्यंत चालतो. वेळ सेंट्रल टाइमप्रमाणे सकाळी १० ते सूर्यास्त, मर्यादा दिवसाला ३ नर. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मिळणारं लायसन्स ५-५ दिवसांच्या दोन टप्प्यांसाठी असतं. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची राज्याची पुस्तिका वाचून मगच बेत आखावा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला महत्त्वाचा अपवाद. म्हणजे आधी लायसन्स, नंतर बंदुकीला हात. मित्राची बंदूक फक्त धरून पाहायची असली तरी हाच क्रम.

बंदूक

बोअर हे नळीच्या रुंदीचं माप. त्याचा आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद. १२ बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, २० बोअरचा सुमारे १५.६. एकच बंदूक घ्यायची असेल तर १२ बोअर घ्यावी. त्यात सव्वा औंस छर्रे आरामात बसतात आणि काडतुसं गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. २० बोअर हलकी असते आणि दिवसभर गवत तुडवताना तो फरक हाताला जाणवतो. ३० यार्डांच्या आत ती पुरेशी आहे. १६ आणि २८ बोअर या जाणत्यांच्या आवडीच्या बंदुका आहेत. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण काडतुसांची निवड कमी आणि किंमत जास्त.

रचनेचा विचार वजनापासून सुरू करावा. साडेसहा ते साडेसात पौंड हे योग्य माप. त्याहून जड बंदूक दुपारनंतर वेळेवर खांद्याला येत नाही. फार हलकी बंदूक धक्का जोरात देते आणि पक्ष्यामागे फिरवताना मध्येच थांबते. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० यांसारखी पंप बंदूक (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) स्वस्त आणि चिवट. बर्फ, चिखल, धूळ सगळ्यात चालते. दोष एकच: घाईत पंप अर्धाच ओढला की दुसरा बार निघत नाही. पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोचा धक्का सौम्य असतो, पण डिसेंबरच्या थंडीत जाड तेल गोठून तिची हालचाल मंदावते. हिवाळ्यात तिला जुनं तेल पुसून अगदी पातळ थर द्यावा. दुनळी बंदुकीचा, विशेषतः एकावर एक नळ्या असलेल्या प्रकाराचा, मोठा फायदा म्हणजे दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात. शिवाय मधून दुमडून, उघडी करून हातावर घेतली की तिच्यातून बार निघू शकत नाही हे सगळ्यांना लांबून दिसतं. कुंपण ओलांडताना याला फार किंमत आहे. नळी २६ किंवा २८ इंच, यात फार डोकं शिणवू नये.

दुकानात अंगाला बसते का ते असं पाहावं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, समोरच्या भिंतीवर एक ठिपका निवडा, डोळे मिटा आणि बंदूक खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर नजर नळीवरच्या पट्टीवरून सरळ जायला हवी. पट्टीचा मागचा भागच दिसत असेल तर गाल फार खाली जातोय. पट्टीचा लांबलचक पृष्ठभाग दिसत असेल तर गाल फार वर राहतोय आणि बार वरून जाईल. ही परीक्षा जाड जॅकेट घालूनच करावी. टी-शर्टवर नीट बसलेला दस्ता जानेवारीत काखेत अडकतो.

काडतूस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. छर्ऱ्यांचा आकडाही उलटा चालतो: आकडा मोठा तसा छर्रा बारीक. शिशाच्या एका औंसात ७½ नंबरचे सुमारे ३५० छर्रे मावतात, ६ नंबरचे २२५, ५ नंबरचे १७० आणि ४ नंबरचे १३५. साडेसातच्या खोक्यात छर्रे भरपूर, म्हणून ते बरे वाटतात. पण फेझंट बहुतेक वेळा आपल्यापासून दूर उडत असतो. छर्ऱ्याला पिसं, पाठ आणि मांस भेदून आत पोचावं लागतं आणि बारीक छर्ऱ्यात तेवढा जोर उरत नाही. पिसं उडतात, पक्षी तसाच पुढे जातो.

१२ बोअरसाठी पावणेतीन इंची काडतूस, सव्वा औंस, ५ नंबर शिसं, वेग सेकंदाला १३०० फुटांच्या आसपास: सगळा हंगाम याच एका जोडीवर काढता येतो. ऑक्टोबरात पक्षी जवळून उठतात तेव्हा ६ नंबर चालतो. थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेर) उरलेले नर हुशार झालेले असतात, लांबूनच उठतात. तेव्हा ५ किंवा ४. २० बोअरमध्ये एक औंस ६ किंवा ५. तीन इंची जड काडतुसांचा मोह बहुतेकांनी टाळावा. धक्का वाढला की माणूस चाप ओढताना आक्रसतो आणि दुसरा बार हमखास वाया जातो.

जमीन कोणाची, यावर छर्ऱ्याचा धातू ठरतो. संघीय वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींवर) शिशाचे छर्रे चालत नाहीत आणि राज्याच्या अनेक सार्वजनिक जमिनींवरही तोच नियम आहे. पाणथळ जागेत पडलेलं शिसं पाणपक्षी गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून ही बंदी. ती योग्यच आहे. पर्याय पोलादाचा. पोलाद शिशापेक्षा हलकं असल्याने छर्रा दोन नंबर जाड घ्यावा: शिशाच्या ६च्या जागी पोलादाचा ४, ५च्या जागी ३. अंतरही आवरावं, ३५ यार्डांच्या पुढे पोलादाचा बार टाकू नये. जुन्या बंदुकीत, खास करून फुल चोक असलेल्या नळीत, पोलाद वापरू नका, नळी फुगते. तिथे बिस्मथ या धातूचे छर्रे घ्यावेत: महाग, पण मऊ आणि पोलादापेक्षा जड.

दोन गोष्टी जिवावर बेततात. १२ बोअरच्या बंदुकीत चुकून २० बोअरचं काडतूस गेलं तर ते सरकून नळीत पुढे अडकतं. बार निघाला नाही म्हणून वर १२ बोअरचं काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते. २० बोअरची काडतुसं पिवळी असतात ती यासाठीच. तरीही खिशात दोन बोअरची काडतुसं एकत्र कधीही ठेवू नका. दुसरं म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या पावणेतीन इंची घरात तीन इंची काडतूस बसतं खरं, पण त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा.

चोक आणि कागदावरची परीक्षा

चोक म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा आवळ. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर साधारण ५० टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड ६०, फुल ७०. कुत्र्यांबरोबर ऑक्टोबरात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, उशिराच्या हंगामात मॉडिफाइड. दुनळी असेल तर पहिल्या नळीला मोकळा चोक, दुसरीला आवळलेला. पोलादाच्या छर्ऱ्यांचा झोत मुळातच घट्ट जातो, म्हणून त्याला एक पायरी मोकळा चोक लावावा. फुल चोक जवळच्या पक्ष्याचं मांस खराब करतो किंवा त्याला साफ चुकवतो.

हे आकडे सरासरी आहेत. तुमची नळी आणि तुमचं काडतूस यांची जोडी वेगळं वागू शकते. म्हणून चार फूट चौरस कागदावर ३० आणि ४० यार्डांवरून तीन-तीन बार टाकून पाहावेत. छर्रे सर्वात दाट असलेल्या भागाभोवती ३० इंची वर्तुळ काढून आतले मोजा. फेझंटच्या धडाएवढी रिकामी जागा वर्तुळात सापडली, तर ते अंतर त्या जोडीचं नाही. आणि दाट भाग निशाण्याच्या बाजूला पडत असेल तर चोक बदलून उपयोग नाही, दस्ता तपासा.

शेतात

पक्षी सकाळी मक्यात चरतात, दुपारी गवतात किंवा झाडांच्या रांगेत असतात, कडाक्याच्या थंडीत पाणकणसांच्या दलदलीत घुसतात. वाऱ्याकडे तोंड करून, नागमोडी आणि थांबत थांबत चाला. थांबल्यावर दबून बसलेला नर घाबरून उठतो. सरळ, एकाच वेगाने चालणाऱ्याला तो बाजूने जाऊ देतो. गाडीचं दार आपटू नये. मोठ्या शेतात हाका करताना दुसऱ्या टोकाला माणसं उभी असतात. तेव्हा टोक जवळ आलं की खालून जाणाऱ्या पक्ष्यावर कोणीही बार टाकायचा नाही. हे छर्रे दोनशे यार्डांहून पुढे जातात. कायद्याने सक्ती असो वा नसो, केशरी टोपी आणि जॅकेट घालावंच.

पक्षी उठला की आधी ओळख: लांब शेपूट, पांढरी कडी, कर्कश ओरडा. शंका असेल तर बार नाही. पक्ष्याखाली आकाश दिसत नसेल तरीही नाही, कारण तिथे कुत्रा उडी मारत असतो. नळीचं तोंड पक्ष्याकडे, गाल दस्त्याला, मग दस्ता खांद्याला, आणि चाप अडवणारी सेफ्टी त्याच ओघात काढायची. नराच्या लांबीचा जवळपास अर्धा भाग शेपटीचा असतो आणि डोळा त्या सगळ्याच्या मध्यावर जातो, म्हणून बार मागे पडतो. नजर पांढऱ्या कडीवर ठेवा. तासाला ४० मैलांनी आडवा जाणारा पक्षी ३० यार्डांवर छर्रे पोचेपर्यंत सुमारे ५ फूट पुढे गेलेला असतो. चाप ओढल्यावरही बंदूक पक्ष्याबरोबर फिरवत राहा.

पडला की दुसऱ्या पक्ष्याकडे बघू नका. पडल्या जागेमागचं एखादं झुडूप नजरेत धरून सरळ तिथे जा, टोपी तिथे टाका आणि कुत्र्याला वाऱ्याच्या खालच्या अंगाने आणा. डोकं वर ठेवून पडलेला नर पळणार हे धरूनच चाला. जमिनीला टेकायच्या आत दुसरा बार टाकणं योग्य, कुत्रा जवळ नसेल तरच.

ऑक्टोबरच्या दुपारी ऊन असतं, तेव्हा पक्षी पिशवीत कोंबून ठेवू नये. लवकर पोट साफ करून थंड पेटीत ठेवावा. वाहतुकीत तो नर असल्याची खूण, पाय किंवा डोकं, अंगावर राहू द्यावी लागते. शिजवण्याआधी मांसातली छर्ऱ्याची प्रत्येक वाट बोटाने चाचपून बघा. छर्ऱ्याबरोबर आत ओढली गेलेली पिसं तिथेच सापडतात, आणि पोलादी छर्ऱ्यावर दात तुटतो.