धुरा कोरणाऱ्यावर प्रीती कशी करावी

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वावरातल्या काकांनी आमचा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कोरला. नांगराच्या दोन सऱ्यांएवढी जागा गेली. मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन माझ्याकडे असतं. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ असं मोठ्यानं वाचताना डोळ्यांपुढे तो धुराच यायचा. वर्षभर मनाला रेटून पाहिलं, जमलं नाही. ज्यांची अशीच गत आहे त्यांच्यासाठी सांगतो.

सुरुवात शेजाऱ्यापासून करू नका. बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात क्रम साफ आहे: आधी देवानं प्रीती केली, म्हणून आपण करतो. पहाटे ढोरांना कुटार टाकलं की मी गोठ्यातच दहा मिनिटं बसतो. मागत काही नाही. ‘बापा, तुझी माझ्यावर प्रीती आहे,’ एवढं म्हणतो अन् गप्प राहतो. आपल्या कष्टाच्या माणसांना हेच जड जातं. फुकटचं घ्यायची सवय नसते. पण हे कमावता येतच नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला.

मग वही काढा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला तो चाकर आठवा. त्याला धन्याचं 10,000 तलांतांचं कर्ज माफ झालं अन् सोबत्याच्या 100 दीनारांसाठी त्यानं त्याची मानगूट धरली. दीनार म्हणजे मजुराचा एक रोज. तलांत म्हणजे साधारण 6,000 दीनार. आमच्याकडचा रोज 400 रुपये धरा. म्हणजे सोबत्याकडून 40,000 रुपये येणं होतं. हे मला फार धीर देऊन गेलं, कारण 40,000 म्हणजे थोडे नाहीत. येशू तुमचं नुकसान खोटं ठरवत नाही. आता दुसरी रक्कम मांडा: सहा कोटी रोज, म्हणजे 2,400 कोटी रुपये. ही मला माफ झाली. त्या पानावर मी माझी पापं नावानिशी लिहिली, अन् शेवटी धुरा लिहिला. मग पान जाळलं.

त्यानंतर हातानं काहीतरी करा, लहानसंच. मन पाझरायची वाट पाहू नका. वेचाईच्या दिवसांत काकांची कॅन उन्हात रिकामी पडलेली दिसली. मी आमची भरून नेली.

“कावून आला रे?”

“पानी आनलं, काका.”

त्यांनी ओंजळ धरली. बोंडाच्या नखांनी बोटं ओरबाडलेली, भेगांत माती बसलेली. मी ओतत होतो अन् पाणी त्यांच्या कोपरांवरून गळत होतं. त्या हातांकडे बघताना पहिल्यांदाच मला धुरा आठवला नाही.

काही दिवस राग परत येतो. यायचाच. तेव्हा काकांकडे जायची घाई करू नका, गोठ्यात जाऊन बसा.

अन् एक, हे मंडळीत कमी सांगितलं जातं: प्रीती केली म्हणून जमीन सोडावी लागत नाही. मोजणीचा अर्ज मी भरला आहे, काकांना आधी सांगून. मोजणीच्या दिवशी त्यांचाही डबा आमच्याच घरून जाणार, असं बायकोनं ठरवून ठेवलं आहे.