चेनसॉचा बार कोरडा पडतोय? पंप खोलायच्या आधी टाकी बघा

जुन्या चेनसॉचं इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्याला चालू होतं, कापही बरा घेतं, पण बारमधून, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीतून, धूर येतो. चेन पुन्हा पुन्हा सैल पडते, बारच्या कडा निळसर होतात, लाकडाला जळका वास येतो. बारला ऑइल पोचत नाही, याची ही खूण. अशा वेळी नवा पंप मागवायची घाई होते. ऑइलच्या सगळ्या वाटेत पंप सहसा सगळ्यात शेवटी बिघडतो आणि तो काढायलाच सगळ्यात जास्त खोलाखोल करावी लागते, म्हणून तपासणी बारकडून टाकीकडे करत जावी.

आधी दोन्ही टाक्या भरा आणि पेट्रोल संपेपर्यंत कापा. पेट्रोल संपलं की ऑइलची टाकी बरीच खाली गेलेली, पण तळाशी थोडं ऑइल शिल्लक, असं दिसायला हवं. टाक्यांची मापं तशीच ठेवलेली असतात, म्हणजे पेट्रोल आधी संपतं आणि चेन कोरडी फिरत नाही. आता टाकीतलं ऑइल उतरलं आहे आणि तरीही बार कोरडा, तर पंप काम करतोय आणि ऑइल वाटेत कुठेतरी गळतंय. टाकी भरलेलीच राहिली, तर दोष गाळणी, नळी, हवेचं छिद्र किंवा पंपात आहे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं काम वाचतं.

टाकी उतरते, बार कोरडा

इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढा, मग चेन आणि बार उतरवा. बारच्या मागच्या बाजूला खाचेत उघडणारं बारीक छिद्र असतं, ते भुशाने बुजतं. बोथट चेन चिपा काढत नाही, पीठ पाडते, आणि ते पीठ ऑइलमध्ये मिसळून छिद्रात घट्ट बसतं. म्हणून छिद्र दर आठवड्याला बुजत असेल तर आधी चेनला धार लावा. छिद्र तारेने मोकळं करा, खाच जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने शेपटाकडून टोकापर्यंत खरवडा आणि बसवताना बार उलटा करा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

बार दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याचं छिद्र मशीनच्या ऑइलच्या तोंडासमोर येतं का, ते नीट पाहा. बोल्टवर बार बसला म्हणजे छिद्रही जुळलं, असं नसतं. चेन ताणण्यासाठी बार पुढे सरकवल्यावरही छिद्र त्या तोंडावरच राहायला हवं. बार आणि मशीनच्या मध्ये पातळ पत्रा येतो. जुन्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा हरवलेला असतो आणि मग ऑइल बारमध्ये शिरण्याऐवजी खाली ओघळतं.

बार न लावता चाचणी

टाकीकडे वळण्याआधी ऑइल मशीनच्या तोंडापर्यंत येतं का, ते बघा. बार-चेन काढलेली, चेन ब्रेक मोकळा, मशीन सपाट जागेवर घट्ट धरलेलं, हात-कपडे चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमपासून लांब. इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर अर्धा मिनिट चालवा. पूर्ण थ्रॉटल देऊ नका. भार नसताना इंजिन नको इतकं फिरतं. तोंडातून ऑइल झिरपताना दिसलं तर आतलं सगळं ठीक आहे. नुसतं आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, ठेवून बघू नका. पुष्कळ मशीनमध्ये पंप क्लचच्या ड्रमवर चालतो, म्हणजे ड्रम फिरला तरच ऑइल येतं.

टाकी भरलेलीच राहते

ऑइल पाच-दहा मिनिटं नीट येतं आणि मग आटतं? इंजिन बंद करून टाकीचं झाकण सैल करा. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि पुन्हा चालू केल्यावर ऑइल सुरू झालं, तर टाकीत हवा घेणारी वाट बुजली आहे. काही मशीनमध्ये तिथे रबराचा चोचीसारखा व्हॉल्व्ह असतो, काहींत सच्छिद्र बूच. तो काढून पेट्रोलमध्ये धुवा, सुधारला नाही तर बदला. हवा हळूच मारा, जोराच्या हवेने रबर फाटतं.

टाकी भरलेली असताना ऑइल येतं आणि अर्ध्यावर आल्यावर थांबतं, ही वेगळी खूण आहे. टाकीतली रबरी नळी वर कुठेतरी चिरलेली असते. टाकी भरलेली असते तोवर चीर ऑइलखाली झाकलेली राहते, पातळी उतरली की तिथून हवा ओढली जाते. जुनं रबर एक तर फुगून मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं. नळी वाकवून भिंगाखाली बघा. शंका आली तरी बदला, पंपापेक्षा ती फार स्वस्त आहे.

नळीच्या टोकाची गाळणी वाकवलेल्या तारेने बाहेर ओढून धुवा. टाकीत १०० मिली डिझेल टाकून खळखळवा आणि ओतून द्या, स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीन वेळा.

आता पंप

स्टिल कंपनीच्या ०१८ आणि एमएस १८० या मॉडेलमध्ये पंप क्लचमागे असतो. आधी ई-क्लिप, वॉशर, ड्रम आणि सुई-बेअरिंग काढायचं. क्लचचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर तो सैल होतो. नेहमीच्या सवयीने जोर लावाल तर तो अजून आवळला जाईल. क्लच सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. त्यासाठी स्टार्टरची दोरी हळू ओढत पिस्टन वर आणा. त्याने एक्झॉस्टचं तोंड झाकल्यानंतरच प्लगच्या भोकातून जाड नायलॉनची दोरी आत सोडा. आधी सोडलीत तर ती त्या तोंडात अडकून कापली जाते.

क्लच निघाला की प्लॅस्टिकचा वर्म गिअर, म्हणजे पंप फिरवणारा स्क्रूसारखा गिअर, दिसतो. त्याची तारेची भुजा ड्रमच्या खाचेत बसते. ती तुटली किंवा ड्रम बसवताना खाचेत बसली नाही, तर पंप फिरतच नाही. याच कारणाने सर्व्हिसिंगनंतर लगेच ऑइल बंद झालेली मशीन बरीच दिसतात.

वर्मचे दात झडलेले असतील तर नुसता नवा वर्म घालून मशीन बंद करू नका. दात का झडले ते शोधा. पंपाचा दांडा चिमट्याने फिरवून बघा. तो सहज फिरायला हवा. घट्ट असेल तर आत चिकट ऑइल आणि भुसा साचलाय, आणि नवा वर्मही पहिल्याच दिवशी झडेल. पंप रात्रभर डिझेलमध्ये भिजवा. दांडा फिरतो तसाच मागे-पुढेही सरकतो, त्या सरकण्यानेच ऑइल ओढलं आणि ढकललं जातं. दांड्यावर ओरखडे असतील तर पंप बदलण्याला पर्याय नाही.

ऑइल कमी-जास्त करायचा स्क्रू ज्या मशीनला असतो, तिथे तो या सरकण्याचं अंतर बदलतो. एमएस १८० ला तो नसतो. बुजलेल्या वाटेवर उपाय म्हणून स्क्रू पूर्ण उघडणं चुकीचं आहे. वाट मोकळी झाली की ऑइल पेट्रोलच्या आधीच संपू शकतं.

जोडताना नळीत सिरिंजने ऑइल भरा. रिकामा पंप ओढायला वेळ लावतो. शेवटी बारचं टोक पुठ्ठ्यापासून २० सेंमीवर धरून अर्ध्याहून थोडा जास्त थ्रॉटल द्या. काही सेकंदांत पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

कोणतं ऑइल

चेनसाठीचं चिकट ऑइल मिळत असेल तर तेच. नसेल तर नवं एसएई ३० इंजिन ऑइल चालतं, फक्त ते चेनवरून लवकर उडतं. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल मात्र नको. त्यातले धातूचे कण पंप घासतात, आणि तेच ऑइल तुषार होऊन हातावर, कपड्यांवर आणि कापलेल्या झाडाखालच्या मातीवर पडतं. खाद्यतेल कापताना चांगलं काम करतं, पण पावसाळाभर माळ्यावर ठेवलेल्या मशीनमध्ये त्याची राळ होते आणि पंप जाम होतो. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून थोडं पातळ खनिज ऑइल घाला आणि एक मिनिट चालवून मगच ठेवा.